रविवारचा तास

द्वारका, नवी दिल्ली
सोमवार, दि. ४ मार्च २०२४

प्रिय अलकाताई,
सप्रेम जयभीम.

तुमचं पार्सल शनिवारी पोचलं. ऑलिव्हच्या तेलाचा डबा, ओव्यासारखा वास येणारा वाळका पाला आणि इंग्रजीचं सर्टिफिकेट हातात धरलेल्या श्रावस्तीचा फोटो. कस्टमचे सहाशे चाळीस रुपये पोस्टमनकडे भरले. पुढच्या वेळी तेल नको, फोटो साध्या पाकिटातही येतो.

यांची तब्येत ठीक आहे, कान मात्र आणखी गेले. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास आधीच मोबाइलसमोर बसतात. नातीचं ग्रीक तुम्ही अथेन्सहून मराठीत सांगता, ते मी यांच्या कानाशी ओरडते. शेजारचे पद्माकर म्हणतात, "वहिनी, तुमची नात आमच्याही घरात येऊन जाते."

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. धम्मचक्र प्रवर्तन दिनापासून मी ग्रीक शिकतेय. मोबाइलवरचे फुकटचे धडे, सकाळची वंदना झाली की कुकर होईपर्यंत. हे हसले. "दहावीला इंग्रजीत काठावर पास, आता ग्रीक? राजदूत व्हायचंय का?" म्हटलं, अच्छा, तुम्ही पेन्शनीची झोप काढा. मनात होतं की तिच्या वाढदिवसाला दोन वाक्यं माझ्या तोंडून बोलायची. तिला, तुम्हाला, सगळ्यांना चकित करायचं.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही गोड करून सांगाल आणि मी ऐकून घेईन, म्हणून पत्र.

काल एलेनीने मोबाइल नीट उभा करायच्या आधीच श्रावस्तीचा आवाज आला. "पाली माथिमा?" पाली म्हणजे परत, माथिमा म्हणजे तास, हे मला पहिल्याच धड्यात होतं. परत तास? मग तिने आईला विचारलं, ह्याचीही परीक्षा असते का? एलेनी हळूच म्हणाली, नाही गं, ही बाबाची आई. आणि तुम्ही मला म्हणालात, "काकू, ती विचारतेय, आज जेवायला काय केलंत?"

मी म्हटलं, वांग्याचं भरीत. तुम्ही तिला काहीतरी लांबलचक सांगितलं. बाईंचं ऐकताना पोरं मान हलवतात तशी तिने हलवली.

ताई, मला राग नाही. नऊ वर्षांची पोर. शाळा सुटली की संध्याकाळी तुमच्या क्लासला इंग्रजी, मंगळवारी जर्मन. तिकडे सगळ्याच पोरांचं असं असतं, हे तुम्हीच सांगितलंत. अतुलही म्हणायचा, "आई, हा देश बिल्कुल आपल्यासारखा आहे. पोरांना आधी बाहेर जायची भाषा शिकवतो." आता रविवारीही क्लासच्याच बाई पडद्यावर दिसतात, शेजारी एक म्हातारी काहीतरी न कळणारं बोलते. तिला दुसरं काय वाटणार?

अतुल होता तेव्हा मध्ये कुणी लागत नव्हतं. तो तिला मांडीवर घेऊन बसायचा, ती त्याचं नाक ओढायची, मी इकडून रागवायची, सगळ्यांना सगळं कळायचं. तो गेला तेव्हा आम्हाला पोचता आलं नाही. पुण्यानुमोदन इथे फोटोसमोर केलं. त्याचं जे उरलंय ते तिकडेच आहे, आणि ते मला ओळखत नाही.

काल यांनी विचारलं, "काय म्हणाली गं?" मी कानाशी जाऊन ओरडले, "विचारतेय, आज जेवायला काय केलं." मग दिवसभर हे ज्याला त्याला सांगत होते, नातीने भरताची चौकशी केली म्हणून.

तेव्हा माझं एक काम करा. मी समोर नसताना, क्लास सुटल्यावर, तिच्या भाषेत तिला विचारा. हा रविवार तिला हवा का? नको असेल तर मारून मुटकून बसवू नका. यांना मी सांगेन, परीक्षा जवळ आलीय. तुमच्याकडे परीक्षा संपत नाहीत, ते पुरेल.

मात्र जे म्हणेल ते उलट टपाली कळवा. तिचेच शब्द, ग्रीक अक्षरांत. खाली मराठी लिहू नका. मी लावून वाचेन.

अतुलची आई
चंद्रप्रभा