गुरुवारची हवा

शुक्रवार, २० एप्रिल २००१

काल प्रदूषण मंडळाच्या साहेबांनी धूळ मोजायचं यंत्र आमच्याच गच्चीवर ठेवलं. गावच्या खडी क्रशरला धूळ रोखायला सरकारी अनुदान मिळतंय. पुढचा हप्ता या मोजणीवर ठरणार. आज सकाळी सरपंचांनी कागद पुढं केला, ‘हवा चांगली आहे.’ म्हणाले, "पोरी, गावात ग्रॅज्युएट तू एकलीच. कर सही." केली. वर अभिमानही वाटला.

दुपारी आई पापड डब्यात भरत होती. "काल वाळवले म्हून पांढरे ऱ्हायले बघ. गुरवारी क्रशरला सुट्टी असती न्हवं."

गुरुवार! साऱ्या गावाचं वाळवण गुरुवारीच असतं, आणि मला सुचू नये? साहेबांना खरंच माहीत नव्हतं? की गुरुवार मुद्दाम निवडला? सरपंचांच्या अंगणातही काल पापड होते. म्हणजे त्यांना तरी ठाऊक होतंच.

संध्याकाळी त्यांच्याकडे कागद परत मागितला. हसले. "लई शिकलीस व्हय? त्यो मघाशीच भोरच्या हापिसात गेला. क्रशरवाल्यांच्या जीपमधनं."

त्यांच्या जीपमधून का?

उद्या पहिल्या एसटीनं भोरला जाते. सही माझी आहे, खोडायलाही मीच हवी.