हवे

१२ डिसेंबर १९९५, मंगळवार. रावपुरा, बडोदे

आज मला दवाखान्यातून घरी आणलं. नाक्यावर रिक्षावाल्याने विचारलं, "हवे क्यां?" म्हणजे आता कुठे, एवढंच. आणि मला रडू कोसळलं. सासूबाई नुसत्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पुण्याहून येऊन वर्ष होत आलं, तरी हा आतावाला 'हवे' माझ्या कानात मराठीच शिरतो. परवा नर्सबेननी हातवारे करून शिकवलं होतं: हनुवटी छातीला, श्वास कोंडून खाली जोर, कळ ओसरली की अंग सैल सोडायचं. प्रत्येक कळेला त्या ओरडायच्या, "हवे!" मला वाटायचं, विचारतायत, बाळ हवं ना? मी "हवं, हवं" म्हणत जीव खाऊन जोर द्यायची. बरोबरच दिला ना? त्या तर "सरस, सरस" म्हणत होत्या.

बाळ रडलंच नाही.

नर्सबेन सासूबाईंना हळूच म्हणाल्या, "हवे नथी." नथी म्हणजे नाही, एवढं गुजराती मला येत होतं. मी पडल्या पडल्या ओरडले, "नको कोण म्हणालं? हवंय हो मला!"