साखरपुड्याचे अडीचशे भुंगेरे

झरी, गुरुवार, २१ नोव्हेंबर १९९१

तीर्थरूप चंद्रभानदाजींच्या पायाशी धाकटा मेव्हणा दत्तराव याचा दंडवत. इकडं समदं खुशाल हाय, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहितो. आक्काचे गुडघे कसे हायत? (तिला खाली बसून भाकरी थापू देऊ नका, उभ्यानं करायला वट्टा बांधून द्या. मागच्या तीन पत्रांत लिहिलं, तुमी वट्टा बांधला न्हाई.) तुमचा दमा, काळी गाय, मोंढ्यातला कापसाचा भाव, समद्याची खबर कळवा. मला मात्र आठ दिवस झाले अन्न गोड लागंना. सोमवारी तुमच्याच गावात, वैजीनाथरावांच्या दारात माझ्या पोरीचा, रुख्मिणीचा साखरपुडा. त्यो होतो का मोडतो, ह्याच एका फिकिरीत मी हाय.

ह्या सोयरिकीचं मूळ गाजरगवतात हाय, हे तुमाला ठावंच हाय. एका गावानं उपटलं तर दुसऱ्याच्या बांधावरून बी उडत येतं, म्हणून शेतकी खात्याच्या साहेबांनी झरी, तुमचं मानवताकडचं गाव आन पाथरीकडचं एक अशा तीन गावांची समिती केली. (त्याच्या आधी आमी आमचं गवत उपटून शेजारच्या गावाच्या शिवंत टाकत होतो, त्ये त्यांचं आमच्या शिवंत टाकत होते, आन दोन्ही गावं काम पुरं झाल्याचं लिहून देत होती.) समितीच्या बैठकीत वैजीनाथराव भेटले, तुमी मधे पडले, आन त्यांच्या धाकट्या पोराचं, पंडितरावांचं बोलणं निघालं. माणूस शब्दाचा पक्का, हे खरं. पण थोरल्या पोराच्या वक्ताला पाव्हण्यांची गाडी अर्धा घंटा उशिरा आली म्हणून त्यांनी जमलेली सोयरीक मोडली, हेबी खरंच.

ऑगस्टात साहेब भुंगेरे घेऊन आले. तुरीच्या दाण्याएवढा जीव, पांढुरकं अंग, वर काळ्या रेघा. गाजरगवत सोडून दुसऱ्या कशाला तोंड लावत न्हाई. आमी झरीत पाचशे पाळायचे आन दिवाळीनंतर त्यातले अडीचशे वैजीनाथरावांच्या हवाली करायचे, असं ठरलं. 'पाचशे भुंगेरे जिवंत व सुस्थितीत मिळाले' ह्या कागदावर मी दस्तखत केलं. साहेबांनी दीड घंटा समदं बैजवार समजून सांगितलं. त्यातला शेवटचा पाऊण घंटा मी चहाच्या बंदोबस्ताला होतो, कारण शेजारच्या आश्रुबानं दुधात पाणी घालून आणलं होतं आन त्याचा निकाल लावणं भाग होतं.

तवापासून समद्या गावातलं गवत उपटलं, फकस्त माझ्या घरामागच्या परड्यातलं राखलं. वर मच्छरदाणी बांधली. (आमच्या लग्नातली. सौ. त्यावरून अजून बोलायली.) ज्या गवतानं माझे हात कोपरापर्यंत खाजवून लाल झाले, त्याच गवताला मी घागरीनं पाणी घातलं. रोज मोजणी केली. पोळ्याला सौ.नं बैलांसंगं त्यांलाबी कुंकू लावायला घेतलं होतं, मीच नको म्हणलं. आन दिवाळी तोंडावर आली तसे भुंगेरे कमी व्हायला लागले. पाडव्याला शंभरबी भरंनात. तुळशीच्या लग्नाला एकबी न्हाई. मच्छरदाणीला भोक न्हाई. मी आश्रुबाच्या कोंबड्यांवर नजर ठेवली, मग त्याच्या कापसावरच्या फवाऱ्यावर, मग खुद्द आश्रुबावर. शेवटी त्याच्याशी बोलणं तोडलं. अडीचशे किडे सांभाळता येईनात तर पोरीला काय वळण लावलं असंल, असं वैजीनाथराव चारचौघांत इचारतील, हाच धाक.

पण देवाच्या दयेनं मामला निभावला. परवा मंगळवारी पंडितराव स्वता आले, त्यांच्या हवाली अडीचशे भुंगेरे पत्र्याच्या डब्यात मोजून दिले. एक कमी न्हाई. सोमवारी साखर वाटली की वैजीनाथराव साहेबांपुढं आन तिन्ही गावांच्या पाव्हण्यांपुढं डबा उघडून त्ये गवतावर सोडणार हायत. (म्हणून तर पोरीच्या दारातला साखरपुडा त्यांनी आपल्या दारात नेला.) तवा तुमी बिनघोर राहा. आक्काला नमस्कार, लेकरांला आशीर्वाद, वट्ट्याचं ध्यानात ठेवा.

तुमचा दत्तराव

ता. क. पत्र चिकटवलं होतं, पण चैन पडंना म्हणून परत फोडलं. दाजी, डब्यात त्ये भुंगेरे न्हाईत. आमच्या भोपळ्याच्या वेलावरचे तांबडे भुंगेरे हायत. खडूच्या भुकटीत घोळले आन सौ.नं त्यांच्यावर काडीनं काजळाच्या रेघा ओढल्या. मायलेकी दीड दिवस बसल्या होत्या. (पैल्या शंभरांच्या रेघा लय झकास हायत, पुढं हात थकला.) ही जात गाजरगवताकडं बगतबी न्हाई. तिला फकस्त भोपळा आन काकडी लागती. आन वैजीनाथरावांच्या दारापुढं दीड एकर भोपळा हाय.

ता. क. दुसरं. आज सकाळी आमच्या धुरपदामावशीनं चूल लिंपायला परड्यातली माती खणली, तर ढेकळात भुंगेरेच भुंगेरे. आपले, रेघांचे. मेले म्हणून मी कपाळाला हात लावला, तर ऊन लागल्यावर एकानं पाय हालवला. कुंपणापलीकडून आश्रुबा म्हणाला, थंडी पडली की त्ये मातीत निजतात आन पावसाला उठतात, साहेबांनी सांगितलं न्हवतं का, पर तू तवा दुधावरून माझ्याशी भांडत होतास. मी त्याच्याशी बोलणं सुरू केलं हाय. त्याच्याच हाती हे पत्र आन दुधाची बरणी पाठवायलो. बरणीत मातीसकट अडीचशे हायत. वैजीनाथराव सकाळी घंटाभर पूजेला बसतात. तेवढ्यात ओसरीवरचा डबा काढा आन बरणी ठेवा. बरणी हालवू नका. निजलेले भुंगेरे पाव्हण्यांपुढं कसे सोडायचे, त्ये तुमीच त्यांला समजून सांगा. सोयरीक तुमी जुळवली हाय.

ता. क. तिसरं. चुका तपासायला पत्र रुख्मिणीकडं दिलं, तर ती वाचून हासायली. मंगळवारी डबा घेताना पंडितरावांनी झाकण उघडून एक भुंगेरा बोटावर घेतला होता, म्हणे. बोट काळं झालं. त्यांनी त्ये रुमालाला पुसलं, झाकण लावलं आन तिला एवढंच इचारलं, काजळ घरीच करता का. ही हो म्हणाली. आज तिसरा दिवस, अजून तुमच्याकडून सोयरीक मोडल्याची खबर न्हाई, म्हणजे पोरानं बापाला सांगितलं न्हाई. दाजी, खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगं सोन्यासारखं हाय. पण भोपळा बापाचा हाय. डबा बदलाच.