रुक्मिणीचा उजवा डोळा

९ नोव्हेंबर २०१७, गुरुवार

रुक्मिणीच्या उजव्या डोळ्यात कापसाच्या पऱ्हाटीची काडी लागली. बीटी बियाण्याला अळी लागत नाही म्हणे! यंदा बोंडअळीनं कापूस असा चिकटून बसलाय की झाडात तोंड घालून ओढावा लागतो. वेचायला बाया मिळेनात, तर ही निघाली. वय एकोणसत्तर. जाऊ नको म्हटलं की म्हणते, "तुमी लिहा तुमची डायरी." डोळा पाण्यानं धुतला, पदर फुंकून शेकला. लाल आहे.

१० नोव्हेंबर

पाणी गळतंय. मुलगा, गोपाल, म्हणतो मलकापूरला दाखवू. एवढ्याशा काडीसाठी?

११ नोव्हेंबर

बरं आठवलं. गेल्या साली शिबिरात माझा मोतीबिंदू काढला, तेव्हाच्या थेंबांची अर्धी बाटली उरली आहे. मोठ्या डॉक्टरांचं औषध, साधंसुधं नाही. माठाजवळ ओल्या फडक्यात जपून ठेवलं होतं. महिन्यानं टाकून द्या असं नर्स म्हणाली होती, पण चांगलं औषध कोण फेकतं? सहा, बारा, सहा, दहा — घड्याळ लावून टाकतोय. जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढली, आपली वेळ चुकत नाही.

१३ नोव्हेंबर

लाली गेली! दुखणंही उतरलं. शेजारचा बशीर येऊन पाहून गेला. म्हणाला, "शेषरावभाऊ, तुमी त डॉक्टरच झाले." खोटं कशाला लिहू, छाती फुगली. रुक्मिणी मात्र कुरकुरते, "धूर-धूर दिसते मले." म्हटलं, दम धर, दोन दिवसांत जाईल. हिला कधी कशाचं कौतुक नाही.

१६ नोव्हेंबर

बुबुळावर पांढरा ठिपका. तुरीच्या डाळीएवढा. थेंब वाढवले, आता दर दोन तासांनी.

१८ नोव्हेंबर, शनिवार

ठिपका पसरला. रुक्मिणी डोकं भिंतीला टेकवून बसून राहते, जेवत नाही. शेवटी बशीरच्या गाडीतून मलकापूर गाठलं. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड मारला आणि पहिलंच विचारलं, यात काय टाकलं? मी खिशातून बाटली काढली — शाबासकी मिळणार अशा थाटात. त्यांनी लेबल वाचलं आणि बाटली टेबलावर ठेवून दिली. म्हणाले, "बाबा, काडीबरोबर बुरशी आत गेली होती. हे ऑपरेशननंतरचं औषध. यानं लाली दबते, म्हणून बरं वाटलं. पण आठ दिवस तुम्ही बुरशीला खतपाणी घातलंत."

परतताना गाडीत बशीरनं गाणी लावली नाहीत. घर येईपर्यंत रुक्मिणीनं माझा हात धरला होता. तो सोडवून घ्यावासा वाटत होता मला.

१९ नोव्हेंबर

नवं औषध, दर तासाला. मी टाकलेले थेंब गालावरच पडतात. गोपाल म्हणाला, "बाबा, आना इकडे." दिलं.

२० नोव्हेंबर

शेतात उभा कापूस तसाच. कोणी गेलं नाही.

२३ नोव्हेंबर

फरक नाही. डॉक्टर म्हणतात उशीर झाला. माझ्यामुळे झालं हे. इथं लिहितोय, कारण तोंडानं कुणालाच सांगता आलं नाही — गोपालला नाही, तिला तर नाहीच. तिला काय सांगितलं, तर एका डोळ्यावर माणसं अख्खा जन्म काढतात, डावा आहे ना शाबूत! माझी मलाच लाज वाटली. ती नुसती "हाव" म्हणाली आणि कूस बदलली.

२७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी डोळ्यातून गरम पाण्याची धार लागली आणि तिचं दुखणं एकदम थांबलं. किती दिवसांनी चहा मागितला तिनं. मी देवापुढे हात जोडले.

दुपारी मलकापूरला डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळ फुटलं. म्हणून दुखायचं थांबलं. आजच्या आज औरंगाबादला न्या म्हणाले.

२८ नोव्हेंबर

औरंगाबाद. उजव्या डोळ्याला आता उजेडसुद्धा कळत नाही. आत सगळं सडलंय, डोळा काढावा लागेल. परवा काढतील. कागदावर सही हवी होती. गोपाल म्हणाला, मी करतो. मी पेन सोडलं नाही. एवढं तरी मीच करायला पाहिजे होतं. सही वाकडी आली.

२९ नोव्हेंबर

आज मोठे साहेब तिचा डावा डोळा तपासायला वॉर्डात आले. बराच वेळ पाहिला. काचबिंदू आहे म्हणाले, नस केव्हाच वाळली. मग तिला विचारलं, यातून दिसणं कधी बंद झालं, आजी? रुक्मिणीनं आवाज खाली आणला. "चार वर्सं झाले साहेब. पन आमच्या बुढ्याले सांगू नोका."

मी खाटेच्या पायथ्याशी, तिच्या समोरच उभा होतो.