नोटेच्या काठावरची नावं

१७ जाने., शनि.
वाचनालयाच्या प्रदर्शनासाठी माहिती हवी, म्हणून पुण्यात जुन्या नोटा विकणाऱ्याला फोन केला. आबांची नोट सांगितली: दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ब्रह्मदेशात चालवलेली, दहा रुपयांची, मागे पेन्सिलीने लिहिलेलं. म्हणाला, "लिहिलेली? मग खराब माल. कोरी घ्या ना, ढिगाने मिळतात." डोकं फिरलं. फोन ठेवून दिला.
तीस वर्षं या नोटा जमवतोय. ब्रह्मदेश, मलाया, सगळ्या कोऱ्या. माणसं आहेत ती फक्त या एकीवर, आणि ही माझी नाही. नवलाख उंबरे गावच्या नामदेव आबांची. त्यांचे वडील फौजेत होते, तिकडे जपान्यांच्या कैदेत सापडले. बरोबर आपल्या मावळातलेच आणखी तिघे. चौघांनी नोटेच्या पांढऱ्या काठावर, चार बाजूंना, नाव-गाव लिहिलं. तिघे घरी आले. परंदवडीचा धोंडू आला नाही.
त्याची मुलगी चंद्रभागा मावशी अजून आहे. बाप लढाईवर गेला तेव्हा पाळण्यात होती. फोटो नाही, पत्र नाही. नोटेचं तिला आजवर कुणी सांगितलंच नाही!
आबा म्हणाले, "वाचनालयात मांड खुशाल. पर आदी चंद्रीला दाव. तिच्या बाचं नाव हाय त्यात."
आधी, म्हणाले होते. आधी.

२१ जाने., बुध.
माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरिंगवाल्यांची गर्दी, परंदवडीला जाणं जमलं नाही. रविवारी मावशीलाच लोणावळ्यात आणू असं ठरवलं, तिला तसा निरोप धाडला. नोट पाठक सरांकडे दिली, माझ्या अकरा नोटांबरोबर. वाचनालयाच्या प्रदर्शनाचं सगळं तेच बघतात. सातवीत मला चित्रकला शिकवायचे.
"मुनीर, काळजी करू नकोस. व्यवस्थित लावतो."
व्यवस्थित हा त्यांचा आवडता शब्द. वहीचा समास वाकडा असला तर पान फाडायचे.

२४ जाने., शनि.
वाचनालयात प्रदर्शनाचं उद्घाटन.
बाराच्या बारा नोटा लॅमिनेट. आणि कापलेल्या. एका मापात बसाव्यात म्हणून चारी बाजूंनी काठ छाटलेले. आबांची नोट उलटून बघितली. मागे नुसती नक्षी. एक नाव नाही.
सर म्हणाले, "कडा कुरतडलेल्या होत्या रे. पेन्सिलीचे डागही होते. आता बघ कशा एकसारख्या दिसतायत."
डाग!
पुढचं नीट आठवत नाही. ओरडलो एवढं खरं. "तुम्ही माणसं कापलीत" असं काहीतरी. पाहुणे, अध्यक्ष, शाळेच्या बाई, सगळे बघत होते. सर खाली बसले. ऐंशी वर्षांचा माणूस. मला दया आली नाही. अजून येत नाही.
घरी बायको, रझिया म्हणते, "फोटो असेल ना तुमच्या मोबाइलमध्ये?" आहे. पुढच्या बाजूचा. ताडाची झाडं, देऊळ, दहाचा आकडा. संग्राहक म्हणवून घेतो स्वतःला. मागची बाजू काढायचं सुचलं नाही.

२५ जाने., रवि.
सकाळीच, लॅमिनेशन केलं त्या झेरॉक्सच्या दुकानात. दुकानवाल्या बाई म्हणाल्या, "सर स्वतः मशीनवर कापत होते. मला हात लावू दिला नाही." कचरा? परवाच घंटागाडीत गेला. तरी टेबलाखालचं खोकं उपडं केलं, तासभर निवडलं. लग्नपत्रिकांचे तुकडे, आधार कार्डांच्या कडा. आपलं काही नाही.
मावशीला आणायला गेलो नाही. निरोपही दिला नाही. नटून बसली असेल.

२६ जाने., सोम.
झेंडावंदनाला गेलो नाही. नवलाख उंबरे. आबांना सांगितलं. एवढंच म्हणाले:
"म्या तुला काय म्हनलोतो?"
"आधी मावशीला दाखव."
"मंग?"
मी नोट पुढे केली. त्यांनी घेतली नाही. "चंद्रीकडं तूच जा. म्या न्हाई येणार." चहाही दिला नाही. बरोबर केलं.

२८ जाने., बुध.
परंदवडी. मावशी ओट्यावर वाल सोलत होती. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. प्लॅस्टिकमधली नोट हातात घेतली, अंगठा फिरवला.
"ह्यात कागुद कुटं हाय? नुसतं गुळगुळीत."
मग म्हणाली, "कसं लिव्हलं व्हतं?"
मी सांगितलं. डाव्या काठाला, उभं. धोंडू, परंदवडी. पेन्सिल दाबून. 'ध' आधी चुकला होता, खोडून परत काढलेला.

"त्येला लिव्हता येत व्हतं?"
"नाव तरी येत होतं."
"आई म्हनायची, अंगठा लावून भरती झाला. अक्षर येत न्हवतं." वालाची शेंग हातात तशीच. "म्हंजी तितं शिकला. कैदेत."
आबांच्या वडिलांनी शिकवलं असेल. कुणास ठाऊक.
"आन् त्ये मास्तरानं कापलं?"
"होय."
"मास्तरानं?"
"होय, मावशी."
शेंगांची परात ढकलून दिली तिने. वाल ओटाभर. "आन त्येला हितं. माझ्याम्होरं हुबा र्‍हाऊ दे. मला त्येचं त्वांड बघायचंय."
येताना सोमाटण्यापर्यंत तिचा आवाज कानात. तिचा राग खरा. माझ्या रागात निम्मी लाज आहे.

३० जाने., शुक्र.
सरांच्या घरी निरोप दिला. दारात सूनबाई. "बाबा आठवडाभर नीट जेवले नाहीत." मी म्हटलं, मावशीही नसेल जेवली. कडू बोललो. परत घेणार नाही.

३१ जाने., शनि.
सर दुकानात. काठी, मफलर, रिक्षाने आले. गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "मुनीर, परंदवडीला कधी जायचं?"
"मावशी शिव्या देईल."
"देऊ दे."
"नाव परत येणार नाही."
"माहीत आहे." मग हळू, "तिला मी काय म्हणू, ते सांग."
जन्मभर आम्हाला काय म्हणायचं ते सांगणारा माणूस. मी मीटरपट्टीवर वायर मोजत राहिलो. दोन गिऱ्हाइकं गेली. सर स्टुलावर बसून आहेत. चष्मा काढून हातात धरलाय. रझियाने चहा पाठवला, त्यांनी घेतला नाही.
स्कूटर दारातच उभी आहे. ते उठत नाहीत, आणि माझ्या तोंडून "चला" निघत नाही.