टीव्ही खात होता ती ओळ

सर,

माझा तुमच्यावर संशय होता आणि तो मी कधी लपवला नाही. राजुऱ्याच्या शाळेत शनिवारी तुम्ही घरचा कम्प्युटर पिशवीतून आणायचात. दिसायला नुसता कीबोर्ड, पडदा नाहीच. स्टाफरूममधल्या फुगीर टीव्हीला तो अँटेनाच्या भोकातून जोडायचा, बटण फिरवत चॅनल शोधायचं, मग टेपरेकॉर्डरमधली कॅसेट किंचाळत राहायची, तेव्हा कुठे तुमचा वादविवादाचा प्रोग्राम उघडायचा. बोलणाऱ्याचं नाव टाकलं की तुम्ही "चालू करतो" म्हणत एक कळ दाबायचात आणि पडद्यावर यायचं, अनुकूल किंवा प्रतिकूल. निवड मशीनची, म्हणून कुणी तक्रार करायची नाही.

मग माझ्याच वाट्याला दर वेळी नको ती बाजू कशी? खाणीनं माझ्या मामाचं गाव उठवलेलं, आणि वर्गासमोर मी खाणीच्या बाजूनं बोलतोय. एकदा मी भडकलोच. "सर, मशीन बेईमान आहे. तिले माझं नाव समजते." तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "समजू दे. तुले समोरच्याचं म्हणणं समजते का? बोल आता." सगळा वर्ग हसला. मी बोललो, पण ते हसू विसरलो नाही.

आम्हाला प्रोग्राम शिकवताना तुमची एकच ताकीद असायची, "सगळ्यात खालची ओळ रिकामी सोडा रे, तिले टीव्ही खाते."

यंदा, तुमच्या माघारी, तुमच्या पत्नीनं, आमच्या बाईंनी, मशीन मला देऊन टाकलं. "घेऊन जा भाऊ, माळ्यावर उंदरं खेळून राह्यले त्याच्यावर." कॅसेट आणि टेपरेकॉर्डरही दिला. मी घरच्या नव्या मॉनिटरला ते जोडायला गेलो, तर वायरचं टोकच कुठे बसेना. मॉनिटरसकट सगळं चंद्रपूरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने कुठून तरी जोड आणून वायर बसवली, तरी मॉनिटर म्हणाला, 'नो सिग्नल'. अर्ज टेबलावर पडलेला असताना "तक्रार आलीच नाही" म्हणणारे साहेब मी आयुष्यभर ऐकलेत. हा सूर मी ओळखतो.

"मशीन मेली नाई भाऊ," दुरुस्तीवाला म्हणाला. "ती बोलून राह्यली, याले तिची भाषा समजून नाई राह्यली. ठेवून जा, उद्या पाहतो."

"काऊन? पुर्जे काढाले?"

"मंग बसा पंख्याखाली. चहा घ्या अन् पहारा करा."

मी खरोखरच बसलो. त्याने मशीन आणि मॉनिटरच्या मध्ये एक काळी डबी जोडली, जुनं चित्र नव्या मॉनिटरला कळेल असं करून देणारी. कॅसेट किंचाळली. तुमचा प्रोग्राम उघडला, इतका स्वच्छ की मला डबीचाही संशय आला. मी माझं नाव टाकलं. आणि पडद्याच्या अगदी तळाशी, इंग्रजी अक्षरांत, मी कधीच न पाहिलेली एक ओळ होती. 'बाजू? १ अनुकूल, २ प्रतिकूल.'

"ही ओळ तुमच्या डबीनं घातली," मी म्हणालो.

"डबी कुठून आणंल भाऊ? तिले अक्कल असती तर मी इथी बसलो असतो का? जुन्या टीव्हीत कडा दिसतच नव्हत्या. हा पुरं दाखवून राह्यला."

म्हणजे "चालू करतो" म्हणत तुम्ही दाबायचात ती कळ हीच. मशीन नव्हे, तुम्हीच. हसत, सगळ्या वर्गासमोर, दर शनिवारी. माझा संशय खरा होता, सर! दुकानात मी टेबलावर हात आपटला, तेव्हा त्याच्या ग्लासातला चहा सांडला.

हे सगळं बाईंना वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं. आता दाखवणार नाही. त्या म्हणतील, "मले माहीतच होतं," आणि हसतील.

डबी मी घरी आणली आहे. आज दार लावून नाव टाकलं, आणि लहानपणी जी बाजू तुमच्याकडे मागत होतो ती स्वतःच्या हातानं दाबली, दोन. प्रतिकूल. खाणीविरुद्धची हीच बाजू मी गावोगावच्या सभांत गाजवली आहे. रिकाम्या खोलीत उभा राहिलो, घसा साफ केला, आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते खाणीच्या बाजूचं.