डीप फ्रीझर आणि कडक भाकरी

२ मे, सकाळ
शिवलीला मंद्रूपला गेली, बहीण बाळंत झाली म्हणून. जाताना अट घालून गेली. ती येईपर्यंत आईला आणि सृष्टीला मी घरचंच जेवण घातलं, तर डीप फ्रीझर हॉलमध्ये राहणार. बाहेरचं काही आणलं, तर ज्या आइस्क्रीमवाल्याकडनं जुना घेतला त्याला परत. मी हसलो. चिंचोळीला कंपनीचं स्टोअर सांभाळतो मी, घरचं काय चीज आहे.
एप्रिलचे सगळे रविवार घालवून फ्रीझर भरलाय. आमटी, पुरण, ज्वारीचं मळलेलं पीठ. कडक भाकरीसुद्धा. शिवलीला म्हणाली होती, ती बाहेरच महिनाभर टिकते की. म्हटलं, आत वर्षभर टिकेल. तिला सायन्स कळत नाही.
डबे सगळे श्रीखंडाचे, एकसारखे. लेबलं लावली नाहीत. माझी मेमरी चांगली आहे.

३ मे
आमटीचा डबा काढून लसूण-मिरचीची फोडणी दिली. पुरण निघालं. सृष्टी म्हणाली, पप्पा, आमटी गोड लागतीय. म्हटलं, फ्यूजन आहे. आई पाणी पिऊन उठली. उन्हाळ्यात तिला भूक कमीच.

५ मे
पिठाचा दगड झालाय. मायक्रोवेव्ह नाही, पण सोलापूरच्या उन्हात तो लागतो कुणाला? कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला. शेजारच्या बिरप्पाच्या शेळीनं अख्खा फस्त केला. बिरप्पा उलट मलाच विचारायला आला, काय घातलंत हो, लई फुगलीय.
निदान एकीला तरी माझं आवडलं.

७ मे, दुपार
कडक भाकऱ्या काढल्या. वितळून मऊ पडल्या, ओल्या पुठ्ठ्यागत. कडक भाकरी मऊ करून दाखवणारा सोलापुरात मी पहिलाच असेन. आईनं एक बोटानं दाबून बघितली. म्हणाली, शिळं मी खात न्हाय. म्हटलं, तुझी कडक भाकरी तरी कुठं ताजी असते? म्हणाली, ती वाळल्याली, ही शिळी. फरक कळला नाही. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालू नये.

९ मे
शिवलीलाचा फोन. जेवण एक नंबर चाललंय म्हणून सांगितलं. मी कॅन्टीनला जेवतो, पण अटीत माझं नाव नव्हतं.
दोघी माझ्यासमोर दोनच घास खातात, उरलेलं नंतर खातो म्हणतात. तरी सृष्टीचे गाल भरलेत. फ्रोझनमध्ये जीवनसत्त्वं टिकतात, ते असं दिसतं.

१२ मे
झाकण उघडलं आणि वासानं मागं सरलो. प्लग काढलेला. आई म्हणाली, त्याच्या घरघरीनं दुपारचा डोळा लागत न्हवता, परवाच काढला.
सगळं गेलं. टाकून आलो, फ्रीझर पुसला आणि त्याच्यासमोर बसून राहिलो. वाईट वाटलं, लई वाईट. गुरुशांतनं केलंय, छान झालंय, एवढं एकदा घरात कुणीतरी म्हणावं, बाकी काय पाहिजे होतं मला? उद्या शिवलीला येतेय.

१३ मे, रात्र
शिवलीलानं काही विचारायच्या आत आई म्हणाली, बाहेरचा एक कण आणला न्हाय, घरचंच खाल्लं. माझे डोळे भरून आले. मग आईनं खाटेखालनं पत्र्याचा डबा ओढला. तळाला दोन कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी. जायच्या आधी शिवलीलानंच भरून ठेवला होता. दोघी रोज दह्याबरोबर खात होत्या.
म्हणजे घरचं जेवण झालं. बाहेरचं आलं नाही. पैज जिंकलो.
शिवलीला फ्रीझरमध्ये वाकून बघत राहिली. म्हणाली, ऱ्हाऊ दे, झाकण घट्ट हाय, मुंग्या शिरायच्या न्हाईत. संध्याकाळी नव्या कडक भाकऱ्या भाजून त्यात रचल्या. प्लग मात्र लावायचा नाही.
मला एक दिली. कशी झालीय, विचारलं. छान झालीय म्हटलं. खरंच झाली होती.